विदर्भ महाराष्ट्रात का राहिला?

आमच्या मालेजवळच्या मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं, तिथं वीज होते आणि ती मुंबईला जाते. जमिनी मावळातल्या गेल्या, दिवे तिकडे लागले. चंद्रपूर-कोराडीची वीज देणारा विदर्भ हाच हिशोब मांडतो. मग तो महाराष्ट्रात राहिला का?

एक, लेखी शब्द. 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला. दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात, हायकोर्टाचं खंडपीठ, नोकऱ्या आणि शिक्षणात लोकसंख्येप्रमाणे वाटा. फाजल अली आयोगानं 1955 मध्ये वेगळा विदर्भ सुचवला होता, तरी 1960 ला तो महाराष्ट्रात आला.

दोन, तिजोरी. वेगळं झालं तर कोळशाची रॉयल्टी विदर्भाकडे राहील, पण मुंबई-पुण्यातून येणाऱ्या करातला वाटा जाईल. घर वेगळं केलं की चूलही स्वतःच पेटवावी लागते.

तीन, बाहेर पडायची वाट. ब्रिटननं 2016 ला स्वतः मतदान घेऊन युरोपियन युनियन सोडायचं ठरवलं. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 3 नुसार नवं राज्य संसदच करते.

पण शब्दाची आठवण ठेवावी लागते. मागासलेपणावर लक्ष ठेवायला कलम 371(2) खाली विदर्भ विकास मंडळ आलं ते 1994 ला, आणि 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. सोबत राहायचं कारण दरवर्षी नव्यानं द्यावं लागतं. नाहीतर वेगळ्या विदर्भाची मागणी पुन्हा येणारच. भेटू पुढच्या भागात!