ऑक्सिजन सेन्सरचा वीजपुरवठा

मोटारीत मागाहून बसविलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या नियंत्रकास वीज कोठून द्यावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. रेडिओच्या तारेस जोड देण्याची सवय येथे महागात पडते. कारण इंजिन बंद असतानाही सेन्सरचा सिरॅमिक भाग ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापून राहतो. आदिलाबाद जिल्ह्यातील हिवाळ्यात पहाटे सायलेन्सरच्या नळीत बाष्पाचे पाणी साचते. इंजिन सुरू होताच त्याचे थेंब या तप्त भागावर उडाल्यास तो तडकतो. उलटपक्षी, वीज न देता इंजिन चालविल्यास त्यावर काजळी धरते. म्हणून पुरवठा इंजिनासोबतच चालू व बंद व्हावा. इंधनपंपाच्या तारेवरून केवळ रिलेस इशारा द्यावा. प्रत्यक्ष वीज बॅटरीवरून, निर्मात्याने सांगितलेल्या क्षमतेच्या फ्यूजमधून आणावी. नियंत्रकाचे संकेत इंजिनाच्या संगणकास द्यावयाचे असल्यास दोहोंचे अर्थिंग एकाच ठिकाणी जोडावे, अन्यथा वाचनात फरक पडतो.