कातडीखालची डबी

संहत आम्ल विरल केले की त्याचा दाह कमी होतो, हे आपण प्रयोगशाळेत शिकवतो. कर्करोगाच्या उपचारात हेच तत्त्व कामी येते. काही औषधे इतकी दाहक असतात, की हाताच्या बारीक शिरेतून पुन्हापुन्हा दिल्यास शीर कडक होते आणि बाहेर झिरपल्यास तिथे जखम होते. हृदयाला मिळणाऱ्या ऊर्ध्व महाशिरेतून मात्र मिनिटाला सुमारे २ लिटर रक्त वाहते. तिथे औषध क्षणात विरल होते.

तिथवरची वाट म्हणजे 'पोर्ट'. छातीवर कातडीखाली नाण्याएवढी डबी बसवतात. तिची नळी महाशिरेत उघडते. डबीचा पडदा सिलिकोनचा असतो. खास टोकाची सुई त्याचा तुकडा न काढता नुसती फट पाडते. सुई काढली की फट मिटते. म्हणून एरवी रुग्णाला आंघोळ करता येते, शाळेतही जाता येते. वापर नसला तरी नळी तुंबू नये म्हणून ती ठरावीक काळाने धुवून घ्यावी लागते.

एक धोका मात्र आपण ओळखायला हवा. उपचारांमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि नळीत शिरलेले जंतू थेट रक्तात पोचतात. वर्गातील अशा मुलाला थंडी वाजून ताप आला, तर शाळा सुटण्याची वाट पाहू नये. पालकांना कळवून त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.