महाविद्यालयाचा इतिहास आणि ध्वनिमुद्रित मुलाखती

पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ साली स्थापन झाले, राष्ट्रीय शिक्षण मंडळ ही त्याची मातृसंस्था आणि शेठ ताराचंद रामनाथ रुग्णालय हे संलग्न रुग्णालय, एवढी माहिती अहवालांतून मिळते. परंतु रुग्णाची नाडी पाहून झाल्यावर गुरुजी विद्यार्थ्याला कोणता प्रश्न विचारीत, हे अहवालात सापडत नाही. ते तेथे शिकलेल्यांच्या स्मरणातच आहे.

शुद्ध की मिश्र, हा वाद आमच्या पिढीने केवळ वाचला. डी.ए.एस.एफ. आणि जी.एफ.ए.एम. झालेल्यांनी तो अनुभवला. १९७० च्या केंद्रीय परिषद अधिनियमानंतर देशभर एकसारख्या अभ्यासक्रमाकडे वाटचाल झाली. त्यापूर्वी, १९६० च्या सुमारास सतराव्या-अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेले वैद्य आज ऐंशीच्या पुढे आहेत. गौरविका निघेपर्यंत थांबण्यास वेळ उरलेला नाही.

"आपले अनुभव सांगा" असे विचारल्यास भाषण मिळते, माहिती मिळत नाही. वर्गाचे जुने छायाचित्र समोर ठेवावे. शवविच्छेदन कोणी शिकविले, वनौषधी ओळखण्यासाठी कोठे नेत, असे नेमके विचारावे. एका बैठकीस तासाभराची मर्यादा असावी. लेखी संमती घ्यावी. रुग्णांची नावे लेखी प्रतीत येऊ देऊ नयेत. मूळ ध्वनिमुद्रण न कापता दोन ठिकाणी जतन करावे. सनावळीत स्मृती हमखास चुकते. ती प्रवेशनोंदवहीशी ताडून टीप द्यावी, वक्त्याचे शब्द मात्र बदलू नयेत.

केवळ प्राचार्यांकडे जाण्याची आपली सवय येथे सोडावी लागेल. रसशाळेत पुट देणारा कामगार, औषधे देणारा कंपाउंडर, वसतिगृहाचा स्वयंपाकी यांनी जे पाहिले ते प्राध्यापकांनी क्वचितच पाहिले असेल. गजपुटाचे माप ग्रंथात आहे. पावसाळ्यात ओलसर गोवऱ्यांचे काय करीत, हे कामगारच सांगेल. फार्मसी-मालकांनी आपल्या जुन्या कामगारांपासूनच आरंभ करावा. अर्थात ध्वनिमुद्रित कृती ही इतिहासाची नोंद होय. तिच्यावरून थेट उत्पादन करू नये, त्यासाठी शेड्यूल टीचे नियम आहेतच.

उठण्यापूर्वी वर्गबंधूंपैकी कोण हयात आहेत ते विचारून पत्ते घ्यावेत. पुढील मुलाखतींची यादी तेथूनच तयार होते.