फुप्फुसातले हाड

कोंबडीच्या पायाचे एक हाड स्वच्छ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. मधूनमधून व्हिनेगर बदला. हाड बाहेर काढाल तेव्हा त्याचा आकार तोच असेल, पण ते रबरासारखे वाकेल. आम्लाने त्यातील कॅल्शियमचे क्षार विरघळवले. उरली ती मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची चौकट. म्हणजे हाड हा नुसता चुन्याचा थर नव्हे. पेशी आधी प्रथिनाची चौकट विणतात व मग तीत क्षार बसतात.

हा फरक ध्यानात ठेवा, कारण आज आपल्याला एका दुर्मिळ विकाराची ओळख करून घ्यायची आहे. काही थोड्या माणसांच्या फुप्फुसात हाड तयार होते! क्षयाच्या जुन्या व्रणात कॅल्शियमचे क्षार साठतात, ते निराळे; त्याला कॅल्सीभवन म्हणतात. येथे खरेखुरे हाड बनते. कधी कधी त्याच्या पोकळीत मज्जासुद्धा सापडते. हे अस्थीभवन होय. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ लुश्का यांनी १८५६ साली त्याचे वर्णन केले.

याचे दोन प्रकार आहेत. एकात वायुकोशांच्या मधल्या भिंतींतून हाडाच्या बारीक फांद्या पसरतात. फुप्फुसाला दीर्घकाळ इजा होऊन त्याच्या भिंती जाड झाल्या असल्या, किंवा जठरातील आम्ल वारंवार श्वासमार्गात उतरत असले, तर हा प्रकार आढळतो. दुसऱ्यात वायुकोशांच्या पोकळीतच छोट्या गाठी होतात. हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप अरुंद झाली, की फुप्फुसातून आलेले रक्त पुढे सरकत नाही, मागे तुंबते. वर्षानुवर्षे असा दाब राहिला की या गाठी होऊ शकतात.

पण हाडाचा कारखाना फुप्फुसात निघतोच कसा? याचा धागा १९६५ साली अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सापडतो. त्यांनी तुमच्यासारखेच हाडातील क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेली चौकट प्राण्यांच्या स्नायूत बसवली. तेथे नवे हाड तयार झाले! त्या चौकटीत ‘हाड बांधा’ असा निरोप देणारी प्रथिने दडलेली होती. सतत इजा होणाऱ्या फुप्फुसातही असे निरोप सुटतात आणि तेथील काही पेशी हाड बांधणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, असे संशोधक मानतात. म्हणून दूध जास्त प्यायल्याने हा विकार होतो, असे समजू नका. या रुग्णांच्या रक्तातले कॅल्शियम बहुधा ठीकच असते.

आता थोडे भौतिकी. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, तर कार्बनचा ६ व ऑक्सिजनचा ८. अणुक्रमांक मोठा असला की क्ष-किरण कितीतरी अधिक शोषले जातात. म्हणून हाड उठून दिसते. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात फासळ्या, हृदय, फुप्फुस यांच्या छाया एकीवर एक पडतात आणि त्यांत या बारीक फांद्या हरवतात. त्यामुळे पूर्वी हा विकार बहुतेक वेळा शवविच्छेदनातच कळे. १९७१ साली लंडनमध्ये प्रथम रुग्णावर वापरलेल्या सीटी स्कॅनने शरीराचे जणू पातळ काप पाहता येऊ लागले. त्याच्या मापनात हवेला उणे १०००, पाण्याला ० व हाडाला शेकड्यांत अंक मिळतो. हवेने भरलेल्या फुप्फुसात हाड मग लपून राहत नाही.

हे हाड विरघळवणारे औषध नाही. बऱ्याच रुग्णांना त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांच्या मूळ रोगावर उपचार करतात.

मात्र एक वाट आपण आधीच अडवू शकतो. ती झडप अरुंद होण्याचे मोठे कारण म्हणजे संधिज्वर. भारतात तो अजून आढळतो. तो येतो शाळकरी वयात, स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी घसा सुजल्यानंतर. पेनिसिलिनसारख्या औषधाने तो वेळीच टाळता येतो. तेव्हा ताप येऊन घसा दुखू लागला, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.