टीएलडी बॅज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्याच्या दक्षिण सीमेपलीकडे, कारवारजवळ, कैगा अणुवीज केंद्र आहे. अशा केंद्रांतील आणि रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागांतील कर्मचारी छातीवर प्रारणाची मात्रा (डोस) नोंदवणारा जो ‘टीएलडी बॅज’ (उष्मादीप्ती मात्रामापक) लावतात, त्याच्या भरवशाविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : बॅज लावला की किरणांपासून संरक्षण मिळते.
वस्तुस्थिती : बॅज काहीही अडवत नाही, तो केवळ नोंद ठेवतो. भारतीय बॅजमध्ये डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. प्रारणाची ऊर्जा त्यांच्या स्फटिकांत अडकून राहते आणि प्रयोगशाळेत चकत्या तापवल्यावर प्रकाशरूपाने बाहेर पडते. या गुणधर्माला उष्मादीप्ती म्हणतात आणि प्रकाश जितका अधिक, तितकी मात्रा अधिक असे गणित त्यामागे असते. एका चकतीवर धातूची, दुसरीवर प्लास्टिकची गाळणी असून तिसरी उघडी असते, त्यामुळे तिन्हींच्या नोंदींची तुलना करून प्रारणाचा प्रकार आणि ऊर्जा यांचा अंदाज बांधता येतो.

गैरसमज : धोका निर्माण होताच बॅज इशारा देतो.
वस्तुस्थिती : बॅजचे वाचन ठरावीक मुदतीनंतर, रुग्णालयांच्या बाबतीत सामान्यतः 3 महिन्यांनी होते. तत्काळ माहितीसाठी खिशात ठेवण्याचा थेट-वाचन मात्रामापक किंवा गजर देणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण लागते, म्हणून अणुकेंद्रांत अधिक प्रारणाच्या जागी काम करताना बॅजच्या जोडीला असे उपकरणही वापरले जाते.

गैरसमज : बॅजवरचा आकडा म्हणजे शरीराला मिळालेली मात्राच होय.
वस्तुस्थिती : आकडा बॅजला मिळालेल्या मात्रेचा असतो. बॅज क्ष-किरण खोलीत विसरला गेला, किंवा शिशाच्या एप्रनच्या आत लावण्याऐवजी बाहेर लावला गेला, तर माणसाला न मिळालेली मात्राही त्याच्या नावे चढते. उलट तो कपाटात राहिला, तर मिळालेली मात्रा नोंदलीच जात नाही. म्हणूनच अनपेक्षितपणे मोठ्या आकड्याची चौकशी होते आणि गरजेनुसार रक्तपेशींतील गुणसूत्रेही तपासली जातात. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट अशी असल्याने, एका चुकीच्या नोंदीनेही पुढचा हिशेब बिघडू शकतो.

गैरसमज : बॅज कोरा असेल, तर शरीरात किरणोत्सारी द्रव्य गेलेले नाही.
वस्तुस्थिती : बॅज शरीराबाहेरून येणारे प्रारण मोजतो. ट्रिटियम या हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपातून निघणारे बीटा कण इतके दुबळे असतात की त्वचेचा मृत थरही त्यांना ओलांडता येत नाही. मात्र ट्रिटियम पाण्यावाटे पोटात गेले, तर ते शरीरभर पसरते आणि तरीही छातीवरच्या चकत्यांना त्याचा पत्ता लागत नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये कैगा येथे पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि 50 हून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते पोहोचले. ही गोष्ट उघडकीस आली ती नेमाने होणाऱ्या लघवीच्या तपासणीमुळे, बॅजमुळे नव्हे.