रेडिएटरमध्ये कोणते पाणी?

गोंदिया जिल्ह्यातली मालवाहतूक मुख्यतः धानावर चालते. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रांवरून धान उचलायचे, भरडाईसाठी राइस मिलवर टाकायचे, तिथून तांदूळ गोदामात न्यायचा. रब्बीचे धान आले की या फेऱ्या भर उन्हाळ्यातही थांबत नाहीत. शिवाय तिरोड्याच्या 3300 मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पाची राख आहे, आणि देवरीवरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 ची अखंड वर्दळ आहे. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर असताना भरलेली गाडी मासुलकसा घाट चढू लागते तेव्हा इंजिनाचा कस लागतो. गाडी तापते, मिस्त्री केबिन उचलतो आणि 'ऑइल कूलर गेला' किंवा 'ईजीआर कूलर फुटला' असा निकाल देतो. मग मालक कंपनीच्या पार्टला दोष देतो, नाहीतर उन्हाला. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण पुष्कळदा त्या कूलरचे भवितव्य काही महिने आधीच, रेडिएटरमध्ये ओतलेल्या पाण्याने ठरवून टाकलेले असते.

हे दोन कूलर करतात काय? ऑइल कूलरमध्ये धातूच्या पातळ पत्र्याच्या एका बाजूने इंजिन ऑइल वाहते आणि दुसऱ्या बाजूने कूलंट. ऑइलची उष्णता कूलंट घेऊन जातो. ईजीआर कूलर मात्र प्रदूषणाच्या नियमांमुळे आला. डिझेल फार उच्च तापमानाला जळले की हवेतल्या नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड तयार होतात. ते कमी व्हावेत म्हणून धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतात, म्हणजे ज्वलनाचे तापमान उतरते. तो धूर काहीशे अंश तापलेला असतो, त्यामुळे आधी त्याला थंड करावे लागते, आणि ते कामही त्याच कूलंटकडे येते. 1 एप्रिल 2017 ला देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 लागू झाले. अवजड इंजिनांसाठी या ऑक्साइडची मर्यादा दर किलोवॉट-तासाला 3.5 ग्रॅमवरून थेट 0.4 च्या आसपास उतरली. काही कंपन्यांनी ईजीआरऐवजी युरियाच्या द्रावणाचा मार्ग धरला, काहींनी दोन्ही वापरले. ऑइल कूलर मात्र दोन्ही प्रकारच्या इंजिनांत असतोच.

एका कूलरचा दोष दुसऱ्याला कसा बुडवतो, हे अमेरिकेत फोर्डच्या ट्रकांमधल्या 6 लिटर डिझेल इंजिनाने दाखवून दिले. हे इंजिन 2003 ते 2007 या मॉडेलांमध्ये होते. त्यात कूलंट आधी ऑइल कूलरमधून जाई आणि मग ईजीआर कूलरमध्ये. ऑइल कूलरच्या अरुंद फटींत ओतीव कामातली उरलेली वाळू आणि खराब झालेल्या कूलंटचा गाळ अडकला की पुढच्या कूलरला कूलंट पुरेसा पोहोचत नसे. तिथे उरलेला कूलंट उकळे, धातू तडके आणि पाणी थेट इंजिनात शिरे. लोक फुटलेला ईजीआर कूलर बदलत आणि तुंबलेला ऑइल कूलर तसाच ठेवत. मग नवा ईजीआर कूलरही फुटे. आपल्याकडच्या प्रत्येक इंजिनात कूलंटचा रस्ता असाच असतो असे नाही, पण ज्या फटी सर्वांत अरुंद त्या आधी तुंबणार, एवढे सगळीकडे सारखे.

गोंदियात या फटी तुंबवण्याचे काम बोअरचे पाणी करू शकते. त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात आणि पाणी तापले की ते धातूवर बसतात. पाणी तापवायच्या भांड्यात आतून पांढरा थर चढतो तसेच. जिथे धातू जास्त तापलेला तिथे थर आधी धरतो, म्हणजे नेमका कूलरमध्ये. थर बसला की उष्णता अडते, धातू आणखी तापतो आणि थर आणखी वाढतो. यावर नेहमीचा आक्षेप असा, की कूलंट बर्फाळ मुलखासाठी असतो, इथे कुठे पाणी गोठते? पण निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे शुद्ध पाणी घेतले तर ते मिश्रण 107-108 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि प्रेशर कॅपमुळे ती मर्यादा आणखी वर जाते. त्याहून महत्त्वाची त्यातली गंजरोधक द्रव्ये. रेडिएटरमध्ये साधे पाणी ओतत गेले की तीच आधी विरळ होतात. वेगवेगळ्या जातींचे कूलंट रंग पाहून एकत्र केले तरी गाळ धरू शकतो.

दुसरा आक्षेप अनुभवी ड्रायव्हरांचा, आणि तो खोटा नाही: जुन्या गाड्या विहिरीच्या पाण्यावर वीस वर्षे धावल्या. धावल्या, कारण त्यांच्या रेडिएटरच्या नळ्या रुंद होत्या, धातू तांब्या-पितळेचा होता आणि धूर थंड करण्याचे ओझे पाण्यावर नव्हते. उन्हाचेही तसेच. कूलंट 95 अंशांवर आणि हवा 25 वर असेल तर फरक 70 अंशांचा. हवा 45 वर गेली की तो 50 उरतो. म्हणजे त्याच रेडिएटरची उष्णता फेकण्याची ताकद जवळपास तीन दशांशाने घटते. आतून थर आणि बाहेरून जाळीत अडकलेला मिलचा कोंडा असेल तर घाटासाठी काही शिल्लकच राहत नाही. ऊन आपल्या हातात नाही. पण एप्रिलपूर्वी जाळीतला कोंडा इंजिनाच्या बाजूने हवा मारून बाहेर काढणे हातात आहे.

गॅरेजमध्ये सुचवला जाणारा सोपा उपाय म्हणजे पत्र्याची प्लेट मारून ईजीआरच बंद करणे. धुराच्या पीयूसी चाचणीत हे पकडलेही जात नाही, कारण तिथे डिझेल गाडीच्या धुराची फक्त घनता मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. पण मोटार वाहन कायद्याने असा फेरफार करता येत नाही आणि त्या वायूंचा त्रास गावालाच होतो. हे बाजूला ठेवून केवळ मालकाचा फायदा पाहिला, तरी ऑइल कूलर तुंबलेलाच राहतो. ऑइल तापत राहते, पातळ होते आणि बेअरिंगचे नुकसान चालूच राहते. 'थर्मोस्टॅट काढून टाका' हा सल्लाही असाच फसवा आहे. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की काही पाणी रेडिएटर चुकवून परस्पर फिरते, तर हलक्या फेरीत इंजिन पुरेसे तापतच नाही. मिलसमोरच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवल्यानेही असेच होते: थंड धुरातली काजळी आणि न जळलेले इंधन ईजीआर कूलरमध्ये डांबरासारखे चिकटते. रांगेत इंजिन बंद करायला पैसे पडत नाहीत.

खरी अडचण तांत्रिक नाही. ढाब्यावर बादली ड्रायव्हर किंवा क्लिनरच्या हातात असते, आणि कूलंटचा खर्च करायचा अधिकार मालकाच्या. तयार मिश्रणाचा एक कॅन गाडीत ठेवून दिला की ढाब्यावर अडून बसायची वेळ येत नाही. नाइलाजाने साधे पाणी घालावे लागलेच, तर ते वहीत लिहायला सांगावे आणि परतल्यावर पूर्ण कूलंट बदलावा. कूलंटचा खर्च फार तर हजारांत जातो. इंजिन उघडावे लागले तर हिशेब लाखांवर येतो.

बीएस-4 च्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाण्याच्या वयाला आल्या आहेत. घेणारा टायर पाहतो, चेसिस पाहतो, कागद पाहतो. त्याने इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीचे झाकणही उघडावे. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून ऑइल कूलर आतून फुटला की तेलकट तपकिरी गाळ आधी या टाकीत दिसतो. गळती कुठेच नाही आणि तरी कूलंट कमी होतो, सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूर येतो, अशी गाडी असेल तर संशय ईजीआर कूलरवर धरावा; हेड गॅस्केटही असू शकते. टाकीत नुसतेच स्वच्छ पाणी दिसले तर मात्र किंमत ठरवण्याआधी दोन्ही कूलरचा खर्च त्यात धरावा.