थोराड कुत्र्यांचा तात्पुरता सांभाळ: समजुती आणि वस्तुस्थिती

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत, जागेची अडचण आणि वेळेची त्याहून अधिक अडचण असलेल्या कुटुंबांतही, सेंट बर्नार्ड, ग्रेट डेन, रॉटवायलर अशा भव्य जातींची पिले मोठ्या हौसेने आणली जातात. आणि वर्षभरात त्या पिलाचे वजन घरातील थोरल्या मुलाच्या वर गेले, की बदली, बाळंतपण, शेजाऱ्यांची तक्रार अशा नाना सबबी पुढे होऊन ते जनावर एखाद्या प्राणिसेवी संस्थेच्या फाटकाशी बांधले जाते किंवा महामार्गाच्या कडेला सोडून दिले जाते. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमान्वये असा त्याग हा गुन्हा आहे खरा. परंतु पहिल्या गुन्ह्यास कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड, ही त्यातील तरतूद वाचली म्हणजे कायद्याचा धाक किती, हेही ध्यानात येते. अशा कुत्र्यास कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे वा महिने आपल्या घरी ठेवून घेणारी, या क्षेत्रातील मंडळींच्या भाषेत ‘फॉस्टर’ करणारी, माणसे म्हणूनच हवी असतात. इच्छा पुष्कळांना असते; अडवतात त्या बहुधा ऐकीव समजुती.

त्यांतली सर्वांत हट्टी समजूत जागेची. मोठ्या कुत्र्यास बंगला हवा, निदान अंगण तरी हवे, असे सांगितले जाते. वस्तुतः कुत्र्याची धावपळीची निकड त्याच्या उंचीपेक्षा, ज्या कामासाठी त्याची जात घडविली गेली त्या कामावर अधिक अवलंबून असते. जॅक रसेल टेरिअर हे गुडघ्यालाही न पोचणारे कुत्रे घर डोक्यावर घेते. आणि खांद्यापाशी अडीच फूट भरणारा ग्रेट डेन सकाळ-संध्याकाळचा फेरफटका झाला की उरलेला दिवस कोपऱ्यात आडवा पडून काढतो. अडचण येते ती भलत्याच ठिकाणी. शहरी घरांतील गुळगुळीत फरशीवर पन्नास-साठ किलोचे कुत्रे उठू लागले, की त्याचे मागचे पाय फाकतात, नखे खरखरत घसरतात, आणि दोनदा आपटलेले जनावर तिसऱ्यांदा उठायलाच धजत नाही, मग पाण्याचे भांडे चार पावलांवर असले तरी तहानलेले पडून राहते. निजण्याच्या जागेपासून दारापर्यंत जुन्या सतरंज्यांची वा गोणपाटाची एक वाट अंथरली, की हा प्रश्न मिटतो. कठीण जमिनीने कोपरांना घट्टे पडतात, म्हणून गादी जाड हवी. आणि इमारतीची लिफ्ट वरचेवर बंद पडत असेल, तर आजारी कुत्र्यास चौथ्या मजल्यावरून खाली आणायला दुसरे कोण येणार, हे संस्थेला पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

खर्चाचा बाऊही असाच. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखविल्याप्रमाणे प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. त्या हिशेबाने दहा किलोच्या कुत्र्याच्या मानाने साठ किलोच्या कुत्र्यास सहापट नव्हे, तर चौपटीहूनही किंचित कमी अन्न पुरते. शिवाय पुष्कळ संस्था औषधपाण्याचा खर्च स्वतः सोसतात आणि कुत्र्याची मालकी आपल्याकडेच ठेवतात. कोणता खर्च कोणी करावयाचा, हे करारनाम्यात लिहून घेतले म्हणजे मागाहून वाद उरत नाही. पैशापेक्षा अवधान हवे ते जेवू घालण्याच्या रीतीकडे. खोल छातीच्या मोठ्या जातींत जठर वायूने फुगून पीळ खाण्याचा एक भयंकर विकार आढळतो: पोट टम्म होते, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही, आणि तत्काळ शस्त्रक्रिया न झाल्यास जनावर काही तासांत दगावते. भांडे स्टुलावर ठेवून जेवू घातले की हा विकार टळतो, असे चांगले जाणते लोकही सांगतात. पर्ड्यू विद्यापीठातील, २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र उंचावरील भांड्याशी धोका वाढल्याचेच आढळले. दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे आणि सावकाश, हीच रीत बरी.

आकार आणि क्रौर्य यांचे नाते जोडण्याची खोड सरकारलाही सुटलेली नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांस परिपत्रक धाडून रॉटवायलरसह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री यांस मज्जाव करण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरविले. अर्थात परिपत्रक पडले म्हणून प्रत्येक मोठे कुत्रे गरीब गाय ठरते असेही नाही. मांजर पाहून साठ किलोच्या जनावराने एकाएकी हिसडा दिला तर माणसाचा खांदा निखळू शकतो; म्हणून छातीपुढे दोरी अडकवता येईल असा हार्नेस वापरावा, घरात लहान मूल असल्यास तसे आधी सांगावे, आणि न झेपणारे कुत्रे नाकारण्यात कमीपणा मानू नये.

स्वभावाचा निवाडा करण्याची घाईही तितकीच घातक. नव्या घरी आलेले कुत्रे पहिले दोन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसते, अन्नाला तोंड लावत नाही, जवळ गेल्यास गुरगुरते, आणि ‘तापट’ ठरते. दुसरे एखादे मुकाट पडून राहिल्यामुळे ‘गुणी’ ठरते आणि तिसऱ्या आठवड्यात दाराची बेल वाजताच इमारत जागी करते. माझ्या मते फॉस्टर घराचे खरे मोल इथे आहे. पिंजऱ्यातील कुत्र्याविषयी संस्थेस जात, वजन आणि लसींच्या तारखा यांपलीकडे फारसे सांगता येत नाही. ते एकटे राहिल्यास दार ओरबाडते काय, जिन्याला भिते काय, खाताना जवळून कोणी गेलेले त्यास चालते काय, कुकरच्या शिटीने दचकते काय, हे घरातच कळते. आणि हा तपशील वहीत तारीखवार टिपलेला असला, म्हणजे त्या कुत्र्याला कोणते कुटुंब मानवेल हे संस्थेला अंदाजाने ठरवावे लागत नाही.

‘आमची सोसायटी परवानगी देणार नाही’ या समजुतीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही गृहनिर्माण संस्थेस पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आणि कुत्रे मोठे आहे हे त्याला कारण होऊ शकत नाही. भाडेकरूने मात्र घरमालकाची संमती लेखी घ्यावी.

सर्वांत वजनदार आक्षेप भावनेचा आहे: माया लावून पुन्हा परक्याच्या हवाली करणे अधिक निष्ठुर नव्हे काय? अमेरिकेतील पाच निवाराकेंद्रांतल्या २०७ कुत्र्यांविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक-दोन रात्री कोणाच्या तरी घरी काढलेल्या कुत्र्यांच्या मूत्रातील कॉर्टिसॉल या ताणनिदर्शक संप्रेरकाचे प्रमाण त्या मुक्कामात उतरलेले दिसले. केंद्रात परतल्यावर ते पूर्वीइतके झाले, पूर्वीपेक्षा वर चढले नाही. निरोप जड जातो तो माणसाला. काही जण कुत्रे स्वतःच ठेवून घेतात. संस्थेचे कार्यकर्ते त्या दिवशी पेढे खातात आणि मनातल्या मनात यादीतून एक फॉस्टर घर खोडतात.

याच अभ्यासावरून आणखी एक गोष्ट निघते: महिनोन्महिने सांभाळणे ज्यांना शक्य नाही, त्यांनीही मागे राहण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस, नेहमीचे फॉस्टर कुटुंब गावी गेलेला आठवडा, अशा अल्प मुदतीच्या घरांची वानवाच असते, विशेषतः दिवाळीत, जेव्हा माणसे सुट्टीवर असतात आणि फटाक्यांच्या आवाजाने पिंजऱ्यातील कुत्री बिथरून जाळीवर धडका मारतात. रस्त्यापासून दूरची, खिडक्या घट्ट लागणारी एखादी आतली खोली ज्यांच्याकडे असेल, त्यांनी संस्थेस निदान पंधरा दिवस आधी कळवावे, म्हणजे पहिला फटाका वाजण्यापूर्वी कुत्र्याला त्या खोलीची आणि घरातल्या माणसांची सवय होऊन जाते.